आडपडदा न ठेवता

रविवारच्या उपासनेत कुणी प्रार्थनेला उभं राहिलं की पहिली दोन मिनिटं काय बोललं जाणार, हे मंडळीतल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. परमदयाळू, परमपवित्र, सर्वसमर्थ स्वर्गीय पित्या. मग आम्ही किती अपात्र. मग तू आमच्या सगळ्या गरजा जाणतोस. मग आजारी, प्रवासी, सरकार, आणि आमेन. यातला एकही शब्द खोटा नाही. पण बोलणाऱ्याच्या घरात त्या आठवड्यात काय घडलं, याचा मागमूसही त्यात सापडत नाही. मुलाची नोकरी गेलेली असते, कारखान्याकडं उसाचं बिल अडकलेलं असतं, नवरा-बायकोत अबोला असतो, आणि माणूस देवासमोर उभा राहून सरकारसाठी प्रार्थना करत असतो.

कोल्हापुरात मराठीतून ख्रिस्ती प्रार्थना व्हायला लागल्याला आता पावणेदोनशे वर्षं होत आली. रॉयल गूल्ड वायल्डर आणि त्यांच्या पत्नी एलायझा १८५२ साली इथं आले. त्यांच्या नावाचं वायल्डर मेमोरियल चर्च आजही शहरात उभं आहे. इतक्या पिढ्यांत प्रार्थनेची एक खास बोली घडत गेली. आजी-आजोबांच्या तोंडून ऐकलेली म्हणून ती मलाही प्रिय आहे, आणि चारचौघांत प्रार्थना चालवताना तिचा आधारही होतो. पण एकट्यानं देवासमोर बसल्यावर हीच बोली लपायला फार सोयीची पडते.

तेव्हा पहिली गोष्ट. आठवडाभर करून बघा: एकटे असताना देवाला एकही विशेषण लावू नका. ‘प्रभू’ म्हणा, ‘बापा’ म्हणा, आणि थेट विषयाला या. घरी आईशी ज्या भाषेत बोलता त्याच भाषेत. कागल-गडहिंग्लजकडची बोली असेल तर ती, शहरी असेल तर ती. ‘आज लई वैतागलोय’ हे प्रार्थनेचं पहिलं वाक्य म्हणून उत्तम आहे. येशूनं शिष्यांना शिकवलेली प्रार्थना मत्तयाच्या सहाव्या अध्यायात जेमतेम पाच वचनांत संपते, म्हणायला अर्धा मिनिट पुरतो, आणि तिच्यात भाकरीला जागा आहे. शब्दांची लांबण लावू नका, हे बजावून मगच त्यानं ती शिकवली, हेही आपण विसरतो.

दुसरं, नाव घेऊन मागा. ‘तू आमच्या गरजा जाणतोस’ हे खरंच आहे. पण यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तीमय पुढ्यात आला तेव्हा येशूनं त्याला विचारलंच, की तुझ्यासाठी मी काय करावं? आंधळ्याला काय हवं असणार हे गर्दीतल्या कुणीही सांगितलं असतं. तरी ते त्याच्या तोंडून यावं लागलं. म्हणून ‘आर्थिक अडचणीतून सोडव’ असं मोघम न म्हणता मार्चअखेर सोसायटीचा हप्ता भरायचा आहे, हातात निम्मेच पैसे आहेत, आणि ही गोष्ट अजून बायकोला सांगितलेली नाही, असं सगळं म्हणा. त्यातलं शेवटचं वाक्य बहुधा सगळ्यांत महत्त्वाचं असतं.

असं नाव घेऊन बोलायला लागलं की काही मागण्या आपल्याच कानाला खटकतात. जावेच्या बंगल्यापेक्षा आपला मोठा व्हावा, ही इच्छा ‘आमच्या घरावर कृपा कर’ या शब्दांत आरामात दडून बसते. ती उघडी करून म्हणून बघा. लाज वाटेल. वाटू दे, पण म्हणा. चांगल्या इच्छा तेवढ्या निवडून देवाकडं न्यायच्या आणि बाकीच्या घरी ठेवायच्या, यात देवाची फसवणूक होत नाही, आपली होते.

पापांच्या कबुलीचंही तसंच. लूकच्या अठराव्या अध्यायातला परूशी आणि जकातदार सगळ्यांना ठाऊक आहेत. पण एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही: परूशी खोटं बोलत नव्हता. आठवड्यातून दोनदा उपास, मिळकतीचा दहावा भाग, हे त्यानं केलेलंच होतं. त्याची नजर मात्र दूर उभ्या जकातदारावर होती. म्हणजे शब्द न् शब्द खरा असूनही प्रार्थना खोटी ठरू शकते. आणि आपण एवढे हुशार, की परूशाचा धडा घेऊन जकातदाराची नक्कल करायला शिकलो. माझ्याएवढा पापी कुणी नाही, असं छाती बडवून सांगण्यात आता चढाओढ लागते. ‘मी पापी आहे’ म्हणायला काही जड जात नाही. ‘परवा पगार देताना धुण्याभांड्याच्या मावशींचे दोन खाडे जास्तीचे कापले’ म्हणायला जड जातं, कारण ते म्हटल्यावर सोमवारी पैसे परत द्यावे लागतात. आपली कबुली खरी होती का, हे तपासायला मला यापेक्षा चांगली कसोटी माहीत नाही.

इथंच भाऊबंदकीचा विषय येतो, आणि आपल्या जिल्ह्यात तो टाळून प्रार्थनेवर लिहिणं म्हणजे ढोंग होईल. बांध सरकवला, वाटणीत विहीर एकाकडं गेली, सात-बाऱ्यावर बहिणीचं नाव लागलं नाही, कोर्टात तारखा सुरू आहेत. आणि हेच दोघं भाऊ पहिल्या रविवारी एकाच तबकातून प्रभुभोजन घेतात. येशूचं म्हणणं स्पष्ट आहे: अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये. दावा मागं घ्या असं मी सांगत नाही. काही दावे न्यायाचे असतात, बहिणीचा तर बहुतेक वेळा असतोच. पण निदान प्रार्थनेत भावाचं नाव घ्या, आणि त्याला सुबुद्धी दे एवढ्यावर थांबू नका. त्याच्या मुलीचं लग्न नीट पार पडू दे, हे म्हणता येतंय का बघा. येत नसेल तर तेच सांगा, की मला हे म्हणता येत नाही. आणि ‘मी तुझ्यासाठी प्रार्थना करतोय’ हे वाक्य त्याला ऐकवायला जाऊ नका. भांडणात ते टोमण्यासारखं लागतं आणि बहुतेकदा असतंही टोमणाच.

आता रागाबद्दल. आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांत देवावर रागावणं हे अविश्वासाचं लक्षण मानतात. ऐन तारुण्यात मुलगा गेलेल्या बाईला तिसऱ्या दिवशीच ‘देवाची इच्छा’ ऐकवली जाते आणि तिनं मान हलवावी अशी अपेक्षा असते. पवित्र शास्त्र मात्र वेगळंच सांगतं. दीडशे स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत. तेरावं स्तोत्र देवाला किती काळ म्हणून जाब विचारतं. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं. शेवटी आशेची एक ओळसुद्धा नाही, आणि तरी कुणी ते पुस्तकातून काढून टाकलं नाही. यिर्मया देवाला तू मला फसवलंस म्हणाला. ईयोब पानंच्या पानं भांडला. देवाची बाजू घेऊन त्याला उपदेश करायला त्याचे मित्र आले होते, आणि शेवटच्या अध्यायात देव रागावला तो त्या मित्रांवर. ईयोब माझ्याविषयी योग्य बोलला, हे नाहीत बोलले, असा निवाडा त्यानं दिला.

मराठी माणसाला हे परकं वाटायचं काही कारण नाही. देवाशी भांडण मांडणं नामदेव, जनाबाई, तुकाराम यांच्यापासून या मातीत चालत आलं आहे. नारायण वामन टिळक तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडं आलो असं सांगत. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी अभंगाची वाट सोडली नाही, आणि आज ‘उपासना संगीत’ उघडून आपण त्यांचीच गीतं गातो. चाल त्यांची घेतली. तो धीटपणा मात्र वाटेत कुठं तरी सांडला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली नसतील त्यांनी प्रार्थनेवरच्या कुठल्याही पुस्तकाआधी ती वाचावीत. नवरा ख्रिस्ती झाल्यावर ही बाई किती संतापली, किती रडली, सोवळं-ओवळं तिच्या मनातून किती धिम्यानं सुटलं, हे तिनं काहीही न झाकता लिहिलं आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथं झाला. आणि त्यांनीच पुढं लिहून ठेवलं की मला ख्रिस्ती धर्म तेव्हा मिळाला, ख्रिस्त मिळाला तो कित्येक वर्षांनी. एवढ्या मोठ्या बाईला हे छापून सांगायची लाज वाटली नाही. तर मग संडे स्कूलपासून चर्चला येतोय पण आत काही हलत नाही, हे आपण निदान देवाला तरी सांगायला काय हरकत आहे?

ज्यांना रागात शब्द सुचत नाहीत त्यांनी तेरावं, बावीसावं, बेचाळिसावं आणि अठ्ठ्याऐंशीवं ही स्तोत्रं मोठ्यानं वाचावीत. मनात नव्हे, आवाज निघायला हवा. मग वही घेऊन स्वतःचं एक स्तोत्र लिहावं: देवाला हाक, तक्रार, मागणी. बहुतेक विलापगीतांत यानंतर भरवशाच्या दोन ओळी येतात. तुमच्या लिहिण्यात त्या आपसूक आल्या तर येऊ द्या. आल्या नाहीत तर ओढून-ताणून लिहू नका. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राच्या कर्त्यानंही लिहिल्या नव्हत्या.

मंडळीतल्या वडिलांना आणि महिला मंडळाच्या बायकांना इथं एक विनंती. चर्चमध्ये कुणी रडत असेल तर लगेच धावून जाऊ नका. शिलोच्या मंदिरात हन्नाचे नुसते ओठ हलत होते, आणि एली याजकाला ती प्यालेली वाटली. शेजारी बसा, पाणी द्या, गप्प राहा.

पुराचे दिवस आपल्याला वेगळं काही शिकवून गेले. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका, हे आकडे इथल्या लहान पोरांनाही तोंडपाठ आहेत. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै, दोन्ही वेळा नदी धोक्याच्या पातळीच्या कितीतरी वर गेली. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी मोबाईलवर आली की रात्री घराघरांतून एकच प्रार्थना निघायची: पाणी आमच्या गल्लीत नको. ही प्रार्थना स्वार्थी आहे का? आहे. तरी ती म्हणावी, कारण त्या क्षणी मनात दुसरं काही नसतंच. पण ती म्हणून झाल्यावर डोळे मिटलेलेच असू द्यावेत. इथून ओसरलेलं पाणी खाली शिरोळकडं जातं, नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळतं, तिथंही गोठ्यात म्हशी बांधलेल्या असतात. वरच्या अंगाला प्रयाग चिखली, आंबेवाडी तर आपल्या आधीच पाण्यात गेलेली असतात. पहिल्या मागणीला अशी दुसरी, तिसरी जोडत न्यावी. स्वार्थापासून सुरू करून पुढं सरकलेली प्रार्थना ही सुरुवातीपासूनच उदात्त असलेल्या प्रार्थनेपेक्षा मला जास्त विश्वासाची वाटते.

आणि पूर ओसरल्यावर दिली जाणारी साक्ष. ‘आमच्या उंबऱ्यापर्यंत पाणी आलं आणि प्रभूनं थांबवलं’ असं एक जण उभं राहून सांगतो. त्याच बाकावर एक कुटुंब बसलेलं असतं, ज्यांच्या घरात पाणी पत्र्यापर्यंत गेलं. त्यांनी काय समजायचं? आभार जरूर माना, मनापासून माना, पण देवानं असं का केलं याचा खुलासा करायला जाऊ नका. आणि पूररेषेत भराव टाकून पाडलेला प्लॉट आपण स्वस्तात मिळाला म्हणून घेतला असेल, तर पुरातून सोडवण्याच्या प्रार्थनेत त्याचाही उल्लेख हवा.

आजाऱ्याच्या कॉटपाशी प्रामाणिक राहणं सगळ्यांत अवघड. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभं केलं, तेव्हापासून आपल्याकडच्या किती पिढ्यांनी तिथल्या वॉर्डात हात धरून प्रार्थना केली असेल. तरी आजही चूक तीच होते. आपण जातो, डबा टेबलावर ठेवतो, रिपोर्टची चौकशी करतो आणि एकदम डोळे मिटून मोठ्या आवाजात पूर्ण बरं होण्याची घोषणा करून टाकतो. शेजारच्या कॉटवरचा माणूस कूस बदलतो. आपण ज्याच्यासाठी आलो तो बिचारा आमेन म्हणतो, कारण आमेन नाही म्हटलं तर विश्वास कमी ठरेल.

त्याऐवजी आधी विचारा: ‘मावशी, काय मागू?’ उत्तरं वेगळीच येतात. ‘आज रात्री झोप लागू दे म्हण.’ ‘सून एकटी पडलीय, तिच्यासाठी म्हण.’ एका आजोबांनी, आता सुटका मागा, असं सांगितलं आणि सोबत आलेल्यांची तोंडं उतरली. जे सांगितलं तेच मागा, त्यांच्याच शब्दांत, हळू आवाजात, चार-पाच वाक्यांत. बरं होणंही मागा, नक्की मागा. पण होणारच असा शब्द देवाच्या वतीनं देऊ नका, तो अधिकार आपल्याला नाही. गोळ्या बंद करा, ऑपरेशन पुढं ढकला असं प्रार्थनेच्या नावाखाली कुणी सांगत असेल, तर त्याला तिथंच अडवा. आणि बाहेर पडल्यावर ‘प्रार्थनेसाठी विनंती’ म्हणून त्यांचा आजार व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकायचा असेल तर आधी त्यांना विचारा. प्रार्थनाविनंतीच्या आडून जेवढ्या चहाड्या पसरतात तेवढ्या पाणवठ्यावरही पसरत नसतील.

एक गोष्ट कोल्हापूरचीच, पण इथं फारशी सांगितली न जाणारी. वायल्डर दांपत्याचा मुलगा रॉबर्ट याचा जन्म १८६३ साली कोल्हापुरात झाला. पुढं कुटुंब अमेरिकेत प्रिन्स्टनला राहायला गेलं. तिथं रॉबर्ट आणि त्याची बहीण ग्रेस दोघं मिळून प्रार्थना करत, की परदेशी सेवेला जाणारे विद्यार्थी मिळू देत. १८८६ साली मॅसेच्युसेट्समधल्या माउंट हर्मनच्या शिबिरात शंभर विद्यार्थ्यांनी नावं दिली आणि त्यातून एक मोठी विद्यार्थी चळवळ उभी राहिली. मिशनऱ्यांच्या त्या काळातल्या उत्साहाबद्दल तुमचं मत काहीही असो. मला त्यातली लक्षात राहणारी गोष्ट अशी, की रॉबर्टनं स्वतः जायची तयारी आधीच लिहून दिली होती, आणि भाऊ-बहीण दोघंही पुढं भारतात कामाला आले. गरिबांसाठी प्रार्थना करताना, एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांसाठी प्रार्थना करताना, जराशी धास्ती वाटायला हवी, की हे काम आपल्याच गळ्यात पडेल. ती वाटत नसेल तर आपण बहुधा नुसती यादी वाचतोय.

प्रार्थना होतच नाही, असेही महिने येतात. अशा वेळी भावना उकळून काढायचा खटाटोप करू नये. भूतबाधा झालेल्या मुलाचा बाप येशूला म्हणाला होता की माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला मदत कर. अर्धा विश्वास, अर्धा अविश्वास, आणि मुलगा बरा झाला. स्वतःचे शब्द आटले की दुसऱ्याचे घ्यावेत. प्रभूची प्रार्थना, एखादं स्तोत्र, टिळकांचं एखादं गीत, कॅथलिक घरांत जपमाळ. पाठ केलेली प्रार्थना खोटी, आणि आयत्या वेळी सुचलेली तेवढी खरी, असा एक समज आपल्या काही मंडळ्यांत पसरला आहे. तो निव्वळ चुकीचा आहे. वधस्तंभावर येशूच्या ओठी आलं ते बावीसाव्या स्तोत्राचं पहिलं वचन होतं, लहानपणापासून पाठ असलेलं. पाठांतर म्हणजे काठी. पाय दुखत असताना तिच्या आधारानं चाललं म्हणून चालणं खोटं होत नाही.

जागेचं म्हणाल, तर खोलीत जाऊन दार लावून घ्या असं येशूनं सांगितलं, आणि आपल्याकडं दोन खोल्यांत सहा माणसं. कुणी बघत नाही अशी कुठलीही जागा चालते: गच्ची, गोठा, पहाटे डेअरीला दूध घालायला जाण्याची वाट, शिरोलीच्या एमआयडीसीला निघालेल्या बसची खिडकी. मात्र मोबाईल खिशात असेल तर तो बंद हवा, कारण ग्रुपवर बायबल-वचनाचं चित्र पाठवणं आणि प्रार्थना यांत आपण अलीकडं फार गल्लत करतो. मन भरकटलं, दुधाच्या फॅटवर गेलं, तर फॅटवरच बोलायला लागा.

उत्तर न मिळालेल्या प्रार्थनांची वहीत तारखेसह नोंद ठेवावी, असं मी आग्रहानं सांगेन. मिळालेल्यांची नोंद सगळे ठेवतात. पौलानं शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली, काटा राहिला. गेथशेमाने बागेत खुद्द येशूनं प्याला टळावा म्हणून मागितलं, प्याला टळला नाही. १९४३ ते १९४८ या काळात आपल्या वळिवड्यात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती, तिच्यात चर्च होतं. घरी परत जाऊ दे ही मागणी तिथं रोज झाली असणार. त्यातले बहुतेक लोक मायदेशी परतले नाहीत, इंग्लंडला आणि आणखी कुठं कुठं गेले. अशा नोंदींसमोर ‘देवाकडं याहून चांगली योजना होती’ असं लिहून पान बंद करू नका. जागा कोरी ठेवा. काही ठिकाणी वर्षांनंतर काही लिहावंसं वाटतं, काही ठिकाणी नाही.

राहिली घरातली मुलं. रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत नातू म्हणतो, गणिताच्या बाईंचा पाय मोडू दे म्हणजे उद्याची परीक्षा होणार नाही. सगळे हसतात, आई दटावते, आणि पुढच्या वेळी तो शहाण्यासारखं परमदयाळू पित्याला सरकारसाठी विनवतो. त्याला दटावू नका. बाईंचा पाय कशाला मोडायचा, एवढं हवं तर नंतर विचारा. मग शेजारी बसून पाढे घ्या, कारण परीक्षा उद्याच आहे.